मार्टिन जॉन्सन : विश्वविजेता कर्णधार ते इंग्लंडचा प्रशिक्षक – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रग्बी युनियनच्या चाहत्यांमध्ये मार्टिन जॉन्सनचं नाव दोन सुरांत घेतलं जातं. कर्णधार म्हणून घेतलं की आवाज चढतो, प्रशिक्षक म्हणून घेतलं की बोलणारा जरा अडखळतो. माणूस तोच, संघही तोच, मग असं का झालं, हा या पानावरच्या बहुतेक प्रश्नांमागचा प्रश्न आहे.

मार्टिन जॉन्सन म्हणजे नेमका कोण?

जन्म ९ मार्च १९७०, इंग्लंडमधल्या सोलिहलचा. वाढला लेस्टरशर परगण्यातल्या मार्केट हार्बरो या गावात. इंग्लंडमध्ये त्याचा मोठा क्लब एकच, लेस्टर टायगर्स. इंग्लंडकडून तो ८४ कसोटी (रग्बीत आंतरराष्ट्रीय सामन्याला कसोटी म्हणतात) खेळला आणि त्यातल्या ३९ कर्णधार म्हणून. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियात विश्वचषक उचलला तो यानंच. उत्तर गोलार्धातल्या संघानं तो चषक जिंकल्याचं दुसरं उदाहरण २०२३ च्या स्पर्धेपर्यंत तरी नाही. पुढे २००८ ते २०११ या काळात तो इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचा प्रमुख होता.

रग्बीत कर्णधाराला एवढं महत्त्व का असतं? सगळं प्रशिक्षकच ठरवत नाही का?

सामना सुरू झाला की प्रशिक्षकाच्या हातात फार थोडं उरतं. तो मैदानाच्या कडेला उभा राहून ओरडत नाही. स्टँडमध्ये वरच्या बाजूला काचेमागे, समोर पडदे आणि कानाला हेडसेट लावून बसतो. निरोप जातो तो पाण्याच्या बाटल्या घेऊन धावणाऱ्यांबरोबर. खेळाडू बदलता येतात, मध्यंतरात बोलता येतं, बस.

खाली मैदानावर मात्र दर दोन-तीन मिनिटांनी निर्णय घ्यावा लागतो. पेनल्टी मिळाली तर गोलखांबांतून मारून तीन गुण घ्यायचे, की चेंडू बाहेर मारून प्रतिस्पर्ध्याच्या रेषेजवळ लाईनआऊट (बाहेरून फेकलेला चेंडू दोन रांगांतल्या खेळाडूंनी उडी मारून पकडायचा) घ्यायचा, की स्क्रम (दोन्ही संघांच्या फॉरवर्ड्सनी एकमेकांना भिडून रेटायचं) मागायचा? काही सेकंदांत कर्णधारानं सांगायचं असतं. पंचांशी बोलायचा अधिकारही परंपरेनं त्याचाच. पंच नाराज असतील तर कुठल्या स्वरात बोलायचं, कधी गप्प बसायचं, हीसुद्धा एक कला आहे आणि जॉन्सनकडे ती होती. चेहऱ्यावर कायम आठ्या, बोलणं कमी; पण बोलला की पंचही ऐकायचे.

पुढचं सगळं वाचताना मैदान आणि ती काचेची खोली यांच्यातलं अंतर डोळ्यांसमोर असू द्या.

तो कुठल्या जागी खेळायचा?

लॉक, म्हणजे स्क्रमच्या दुसऱ्या ओळीत. उंची दोन मीटरच्या वर. लाईनआऊटमध्ये उडी मारून चेंडू पकडायचा, स्क्रममध्ये मागून रेटायचं, रकमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या चेंडूभोवतीच्या झटापटीत, ढिगाऱ्यातून माणसं बाजूला सारायची. फलकावर न दिसणारं काम. ८४ कसोटींत त्याच्या नावावर दोनच ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे टेकवून मिळवलेले गुण) आहेत आणि त्याबद्दल कुणी कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

तो आधी न्यूझीलंडकडून खेळला, हे खरं का?

अर्धं खरं. तरुणपणी तो न्यूझीलंडला गेला. ऑल ब्लॅक्सचा, म्हणजे न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघाचा, महान लॉक कॉलिन मीड्स याच्या सांगण्यावरून किंग कंट्री या प्रांताच्या संघात त्याला संधी मिळाली. तिथला खेळ बघून न्यूझीलंडच्या २१ वर्षांखालील संघातही त्याला घेतलं गेलं. म्हणजे काळी जर्सी त्यानं घातली, पण ऑल ब्लॅक्सची नव्हे. मग तो इंग्लंडला परतला. त्याची पत्नी न्यूझीलंडची आहे. तिथेच राहिला असता तर २००३ ची गोष्ट काय झाली असती, यावर दोन्ही देशांत भरपूर गप्पा झाल्या आहेत; त्यात भर घालत नाही.

इंग्लंडच्या संघात तो कसा आला?

दुसऱ्याच्या दुखापतीमुळे आणि तेही अगदी ऐनवेळी. १६ जानेवारी १९९३ ला लंडनमधल्या ट्विकनहॅमवर फ्रान्सविरुद्ध सामना होता. वेड डूली जायबंदी झाला आणि जॉन्सनला आदल्या दिवशी बोलावणं आलं. सुरुवातीलाच डोक्यावर जबर टक्कर बसली, तरी उभा राहिला. इंग्लंड १६-१५ नं जिंकलं. त्याच वर्षी ब्रिटिश अँड आयरिश लायन्सच्या न्यूझीलंड दौऱ्यावर वडिलांच्या निधनामुळे डूलीला घरी परतावं लागलं आणि तिथेही जागा भरायला जॉन्सनच गेला. शेवटच्या दोन्ही कसोटी तो खेळला.

इंग्लंडचा कर्णधार नसताना तो लायन्सचा कर्णधार कसा झाला?

हा प्रश्न १९९७ मध्येही विचारला गेला होता. लायन्स म्हणजे इंग्लंड, आयर्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स या चारही देशांचा मिळून बनलेला, चार वर्षांतून एकदा दौऱ्यावर जाणारा संघ. त्या वेळी इंग्लंडचा कर्णधार फिल डी ग्लॅनव्हिल होता. दौऱ्याचे व्यवस्थापक फ्रॅन कॉटन आणि प्रशिक्षक इयान मॅकगीकन यांनी जॉन्सनची निवड केली. नेहमी सांगितलं जाणारं कारण मजेशीर आहे: नाणेफेकीसाठी दार वाजलं की दक्षिण आफ्रिकेच्या कर्णधाराला मान वर करून बघावं लागलं पाहिजे. दक्षिण आफ्रिका तेव्हा विश्वविजेती होती आणि लायन्सना फारसं कुणी मोजत नव्हतं. केपटाउनची कसोटी २५-१६, डर्बनची १८-१५. मालिका तिथेच खिशात. जोहान्सबर्गची शेवटची कसोटी हरली, पण निकाल लागून गेला होता.

२००१ मध्ये ऑस्ट्रेलिया दौऱ्यावरही कर्णधार तोच. दोन दौऱ्यांवर लायन्सचं नेतृत्व करणारा तो पहिला खेळाडू. ती मालिका मात्र १-२ अशी गेली.

इंग्लंडचं कर्णधारपद कधी मिळालं?

१९९९ मध्ये. लॉरेन्स डॅलाग्लिओ एका वृत्तपत्राच्या सापळ्यात अडकला आणि त्यानं पद सोडलं. प्रशिक्षक क्लाइव्ह वुडवर्ड यांनी जबाबदारी जॉन्सनकडे दिली. त्याच वर्षीच्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण आफ्रिकेच्या यानी डी बिअरनं पाच ड्रॉप गोल (चालू खेळात चेंडू जमिनीवर टाकून गोलखांबांतून मारलेली किक) मारले आणि इंग्लंड २१-४४ असं घरी परतलं. सुरुवात काही देदीप्यमान नव्हती.

खेळाडूंचा संप झाला होता म्हणतात, तो काय प्रकार?

नोव्हेंबर २०००. अर्जेंटिनाविरुद्धचा सामना तोंडावर असताना मानधनाच्या आणि इतर कमाईच्या वाटणीवरून खेळाडूंनी काम बंद केलं. बोलणी करणाऱ्यांत डॅलाग्लिओ आणि मॅट डॉसन यांच्यासह जॉन्सन पुढे होता. वुडवर्ड भडकले, दुसरा संघ उतरवायची भाषाही झाली. प्रकरण लवकरच मिटलं आणि सामना झाला. एक गोष्ट यातून कळते. जॉन्सन हा व्यवस्थेनं नेमलेला कर्णधार असला, तरी तो खेळाडूंचा माणूस होता. आठ वर्षांनी तोच टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसला.

डब्लिनच्या लाल गालिच्याची गोष्ट काय आहे?

३० मार्च २००३, लॅन्सडाउन रोड. इंग्लंड आणि आयर्लंड दोघेही अपराजित, जिंकेल त्याचा ग्रँड स्लॅम, म्हणजे सिक्स नेशन्स या युरोपातल्या सहा देशांच्या वार्षिक स्पर्धेतले सगळे सामने जिंकण्याचा मान. इंग्लंडला १९९९, २००० आणि २००१ अशी तीन वर्षं लागोपाठ शेवटच्या सामन्यात ग्रँड स्लॅम हुकल्याचा इतिहास होता.

सामन्याआधी राष्ट्रपती मेरी मॅकअलीस खेळाडूंना भेटणार होत्या. इंग्लंडचा संघ गालिच्याच्या ज्या बाजूला उभा राहिला, ती यजमानांची. अधिकारी येऊन सांगू लागला की सरका. जॉन्सन हलला नाही. संघ हलला नाही. शेवटी आयर्लंडचे खेळाडू त्यांच्याही पलीकडे जाऊन उभे राहिले आणि राष्ट्रपतींना गालिचा सोडून गवतावरून चालत जावं लागलं.

शिष्टाचाराच्या दृष्टीनं हे बरं दिसलं नाही आणि आयर्लंडमध्ये ते अजून विसरलेलं नाही. पण इंग्लंडच्या खेळाडूंच्या मनात काय झालं असेल याचा अंदाज निकालावरून येतो: ४२-६.

सहा जणांच्या स्क्रमची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. जून २००३, वेलिंग्टन, समोर न्यूझीलंड. नील बॅक आणि डॅलाग्लिओ दोघांनाही पिवळं कार्ड मिळालं आणि दहा-दहा मिनिटांसाठी बाहेर बसावं लागलं. स्क्रममध्ये एका बाजूला आठ माणसं असतात. इंग्लंडचे उरले सहा. आणि स्क्रम होता इंग्लंडच्या स्वतःच्याच रेषेवर. न्यूझीलंडनं पुन्हा पुन्हा रेटलं, ट्राय काही झाला नाही. सामना इंग्लंडनं १५-१३ असा जिंकला. त्या वेळी डोक्यात काय शिरलं होतं, असं नंतर कुणीतरी विचारलं, तर जॉन्सन म्हणाला म्हणे, ‘माझा मणका.’

पुढच्याच आठवड्यात मेलबर्नला ऑस्ट्रेलियाचा २५-१४ असा पराभव. ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध इंग्लंडचा तो पहिलाच विजय. विश्वचषक ऑक्टोबरमध्ये सुरू झाला, पण माझ्या मते तो इंग्लंडनं जूनमध्येच निम्मा जिंकला होता.

२००३ च्या अंतिम सामन्यात ड्रॉप गोल तर विल्किन्सननं मारला. मग जॉन्सनचं श्रेय काय?

२२ नोव्हेंबर २००३, सिडनी. निर्धारित वेळेत १४-१४, कारण ऑस्ट्रेलियाच्या एल्टन फ्लॅटलीनं शेवटच्या क्षणी पेनल्टी मारली. जादा वेळेत इंग्लंडचा किकर जॉनी विल्किन्सन यानं संघाला पुढे नेलं, फ्लॅटलीनं पुन्हा बरोबरी केली: १७-१७. आता जेमतेम दीड-दोन मिनिटं उरलेली.

इंग्लंडला लाईनआऊट मिळाला. हूकर स्टीव्ह थॉम्पसननं चेंडू सगळ्यांत मागे, ल्युइस मूडीकडे फेकला. चुकला असता तर सगळंच गेलं असतं. मूडीनं पकडला. माइक कॅट चेंडू घेऊन घुसला. मग स्क्रम-हाफ डॉसननं फट बघून मुसंडी मारली आणि विल्किन्सनच्या टप्प्यात चेंडू आणून ठेवला. पण त्या भानगडीत डॉसन स्वतः माणसांच्या ढिगाखाली अडकला. आणि विल्किन्सनला अचूक पास देणारा माणूस तोच.

बॅक त्याच्या जागी उभा होता. त्यानं चेंडू विल्किन्सनकडे न देता बाजूच्या जॉन्सनला दिला. जॉन्सननं तो घेतला, डोकं खाली घातलं आणि बचावावर जाऊन आदळला. दोन-तीन मीटर मिळाले असतील, पण मीटर मिळवायचेच नव्हते. डॉसनला उठून जागेवर यायला वेळ हवा होता. तो मिळाला. डॉसन उभा राहिला, पास मागे गेला, विल्किन्सननं आपल्या कमजोर उजव्या पायानं मारला आणि सव्वीस सेकंद शिल्लक असताना २०-१७ झालं.

जॉन्सनचं नेतृत्व कसलं होतं, ते त्या एका धडकेत दिसतं. भाषण नाही, इशारा नाही; जे काम त्या क्षणी कुणालातरी करायलाच हवं होतं, ते त्यानं स्वतः केलं.

मैदानावर तो मारामारी करायचा का?

करायचा, नाकारण्यात अर्थ नाही. १९९७ मध्ये न्यूझीलंडच्या जस्टिन मार्शलला ठोसा मारल्याबद्दल एका सामन्याची बंदी. २००२ मध्ये क्लबच्या सामन्यात सॅरसेन्सच्या रॉबी रसेलला ठोसा, तीन आठवडे बंदी; आणि सुनावणी व्हायची असल्यामुळे मधल्या काळात तो आयर्लंडविरुद्ध खेळला, त्यावरूनही गदारोळ झाला. काही चाहते हे ‘तेव्हाची रग्बीच तशी होती’ म्हणून सोडून देतात. तेव्हाच्या नियमांतही ते बसत नव्हतं.

क्लबकडून काय जिंकलं?

लेस्टरचा कर्णधार असताना १९९९ ते २००२ अशी सलग चार वर्षं इंग्लंडची लीग आणि २००१ व २००२ चा हायनेकेन कप, म्हणजे युरोपचं क्लब विजेतेपद. एकाच क्लबसाठी हे पुष्कळ झालं. जानेवारी २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय रग्बीतून आणि २००५ मध्ये क्लबमधूनही निवृत्ती.

प्रशिक्षणाचा अनुभव नसताना २००८ मध्ये त्याला राष्ट्रीय संघ कसा दिला?

हा सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. अनुभव खरोखरच शून्य होता. क्लबचा संघ नाही, अकादमी नाही, कुणाचा सहायक म्हणूनही नाही.

पार्श्वभूमी अशी. वुडवर्ड २००४ मध्ये गेले. त्यांच्या जागी आलेले अँडी रॉबिन्सन २००६ अखेर गेले. मग ब्रायन अ‍ॅश्टन. या अ‍ॅश्टननी २००७ च्या विश्वचषकात इंग्लंडला अंतिम फेरीत नेलं आणि २००८ च्या सिक्स नेशन्समध्ये दुसरा क्रमांक मिळवला. तरीही त्यांना हटवलं. संघाला शिस्त आणि दरारा हवा, असा सूर इंग्लंडच्या रग्बी संघटनेत होता. दरारा म्हटल्यावर इंग्लंडमध्ये कुणाचं नाव पुढे येणार? एप्रिल २००८ मध्ये घोषणा झाली, १ जुलैपासून काम सुरू.

मधला जूनचा न्यूझीलंड दौरा जॉन्सननं केला नाही, कारण घरी बाळ होणार होतं. संघ घेऊन संघटनेचे रॉब अँड्र्यू गेले आणि दोन्ही कसोटी इंग्लंडनं मोठ्या फरकानं गमावल्या.

नेमणुकीमागचा तर्क मला आजही लंगडा वाटतो. जॉन्सनचा धाक खेळाडूंवर चालायचा, कारण प्रत्येक ढिगाऱ्यात तो त्यांच्या आधी असायचा. सूट-टाय घालून वर बसलेल्या माणसाला तो धाक आपोआप कसा मिळेल, हे कुणी विचारलेलं दिसत नाही. त्यातून, न जमलेल्या गोष्टी लहान संघाबरोबर निमूटपणे शिकून घ्यायची सोय राष्ट्रीय संघात नसते. तिथे चूक झाली की ती ट्विकनहॅमवर ८२ हजार लोकांसमोर होते.

तो प्रशिक्षक होता की व्यवस्थापक?

पदाचं नाव ‘टीम मॅनेजर’. रोजचा सराव घेणारे वेगळे होते: फॉरवर्ड्ससाठी जॉन वेल्स, बचावासाठी माइक फोर्ड, आक्रमणासाठी ब्रायन स्मिथ, स्क्रमसाठी ग्रॅहम राउनट्री. निवड, शिस्त, दिशा आणि पत्रकारांना तोंड देणं हे जॉन्सनकडे. मात्र संघ हरला की शिव्या खायला एकच माणूस होता, त्यामुळे व्यवहारात तो मुख्य प्रशिक्षकच.

सुरुवात कशी झाली?

वाईट. नोव्हेंबर २००८ मध्ये पॅसिफिक आयलंडर्सना हरवलं आणि मग लागोपाठ तीन आठवडे ट्विकनहॅमवरच मार खाल्ला: ऑस्ट्रेलियाकडून १४-२८, दक्षिण आफ्रिकेकडून ६-४२, न्यूझीलंडकडून ६-३२. शेवटच्या सामन्यात इंग्लंडच्या चार खेळाडूंना पिवळं कार्ड मिळालं.

शिस्तीसाठी आणलेला माणूस आणि संघाला कार्डांवर कार्डं. फेब्रुवारी २००९ मध्ये डब्लिनला डॅनी केअरनं अगदी मूर्खपणाचं कार्ड घेतलं, तेव्हा जॉन्सननं समोरच्या टेबलावर आपटलेली मूठ कॅमेऱ्यानं टिपली आणि ते दृश्य वर्षानुवर्षं फिरत राहिलं. इंग्लंड १३-१४ असं एका गुणानं हरलं. लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं कमी दिसतं. जो माणूस अशा वेळी स्वतः जाऊन रकमध्ये घुसला असता, त्याच्या हाताशी आता फक्त टेबल होतं.

मग चांगलं काही झालंच नाही?

झालं की. जून २०१० मध्ये सिडनीत ऑस्ट्रेलियाला २१-२० नं हरवलं, नोव्हेंबरमध्ये ट्विकनहॅमवर ३५-१८ नं. त्या सामन्यात क्रिस अ‍ॅश्टननं जवळजवळ मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत जाऊन ट्राय केला. या संघाकडून असं काही होईल अशी अपेक्षा कुणालाच नव्हती. २०११ ची सिक्स नेशन्स इंग्लंडनं जिंकली, २००३ नंतर पहिल्यांदा. ग्रँड स्लॅम मात्र शेवटच्या दिवशी डब्लिनमध्येच गेला, ८-२४.

आणखी एक श्रेय सहसा कुणी देत नाही. बेन यंग्ज, डॅन कोल आणि कोर्टनी लॉज या तिघांना पहिली कसोटी जॉन्सनच्या काळात मिळाली. तिघेही २०२३ च्या विश्वचषकापर्यंत इंग्लंडच्या संघात होते. निवडीची नजर वाईट नव्हती.

२०११ च्या विश्वचषकात नेमकं काय बिनसलं?

मैदानावर पाहिलं तर इंग्लंडनं गटातले चारही सामने जिंकले: अर्जेंटिना १३-९, जॉर्जिया ४१-१०, रोमानिया ६७-३, स्कॉटलंड १६-१२. रडतखडत, पण जिंकले.

मैदानाबाहेरची यादी मोठी आहे. पहिल्या सामन्यानंतर क्वीन्सटाउनच्या एका बारमध्ये खेळाडूंची रात्र रंगली. माइक टिंडल त्यात होता आणि नुकतंच त्याचं लग्न राणी एलिझाबेथ यांच्या नातीशी झालं होतं. मग वृत्तपत्रांना आणखी काय हवं? रोमानियाच्या सामन्यात किक मारण्याआधी नियमाबाहेर चेंडू बदलल्याबद्दल सपोर्ट स्टाफमधल्या दोघांवर एका सामन्याची बंदी आली. जॉन्सननं सुरुवातीला खेळाडूंची बाजू घेतली. संपाच्या वेळचा कर्णधार इथे पुन्हा दिसतो. आपल्या माणसांना उघड्यावर टाकायचं नाही, हा त्याचा स्वभाव. ड्रेसिंग रूममध्ये तो गुण असतो. पण प्रमुखाच्या खुर्चीत बसून वेळीच दोघांचे कान उपटले असते तर पुढचा तमाशा कदाचित टळला असता.

८ ऑक्टोबरला ऑकलंडच्या ईडन पार्कवर उपांत्यपूर्व फेरी. समोर गटात टोंगाकडूनही हरलेला, आपल्याच प्रशिक्षकावर चिडलेला फ्रान्स. मध्यंतराला ०-१६. शेवटी १२-१९. त्यात भर म्हणजे परतण्याआधी मनू टुइलागीनं ऑकलंड बंदरात बोटीवरून पाण्यात उडी मारली आणि त्याबद्दल ३ हजार पौंडांचा दंड भरला. टिंडलला आधी २५ हजार पौंड दंड झाला, अपिलात तो १५ हजारांवर आला.

त्यानं राजीनामा दिला की काढलं?

राजीनामा, १६ नोव्हेंबर २०११. करार वर्षअखेर संपणारच होता. संघटनेत वरच्या पदांवर भांडणं चालू होती. त्यातच राजीनाम्यानंतर काही दिवसांत विश्वचषकाविषयी खेळाडूंनी गोपनीय म्हणून दिलेली मतं वृत्तपत्रात फुटली आणि त्यात सगळ्यांचंच वस्त्रहरण झालं. योगायोग असा की त्याच वर्षी जागतिक संघटनेनं विश्वचषक जिंकणारा कर्णधार म्हणून त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं होतं.

आकडे काय सांगतात?

कर्णधार म्हणून ३९ कसोटींत ३४ विजय. प्रमुख म्हणून ३८ कसोटींत २१ विजय, १ बरोबरी, १६ पराभव. दुसरा आकडा लाजिरवाणा नाही, सामान्य आहे. पहिल्याच्या शेजारी ठेवला की तो बिचारा दिसतो.

चांगला कर्णधार चांगला प्रशिक्षक होऊच शकत नाही का?

होऊ शकतो, उदाहरणं आहेत. न्यूझीलंडचा ब्रायन लोकोर १९६६ ते १९७० ऑल ब्लॅक्सचा कर्णधार होता आणि प्रशिक्षक म्हणून त्यानं १९८७ चा पहिलावहिला विश्वचषक जिंकला. अंतिम सामना ईडन पार्कवर, फ्रान्सविरुद्धच. पण राष्ट्रीय संघाआधी तो आपल्या प्रांताच्या, वैरारापा-बुशच्या संघाला शिकवत होता.

दुसरा फॅबियन गाल्तिए. २००३ च्या उपांत्य सामन्यात जॉन्सनच्या इंग्लंडसमोर फ्रान्सचा कर्णधार तोच होता. सिडनीच्या पावसात फ्रान्स ७-२४ हरला. दोघांची निवृत्ती साधारण एकाच सुमाराची. गाल्तिए लगेच स्टाद फ्रान्से क्लबचा प्रशिक्षक झाला, २००७ मध्ये त्यानं फ्रेंच लीग जिंकली, मग मोंपेलिए, मग तूलाँ. कुठे टाळ्या पडल्या, कुठून हाकललं गेलं. राष्ट्रीय संघ हातात आला तो २०१९ च्या विश्वचषकानंतर, आणि २०२२ मध्ये ग्रँड स्लॅम.

तिसरं उदाहरण सगळ्यांत बोलकं आहे, कारण ते जॉन्सनच्याच संघातलं आहे.

म्हणजे स्टीव्ह बोर्थविक?

हो. नोव्हेंबर २००८ मध्ये जॉन्सननं निवडलेला पहिला कर्णधार तो. लॉकच, लाईनआऊटचा पक्का अभ्यासक. प्रतिस्पर्ध्यांच्या लाईनआऊटच्या चित्रफिती तासन्‌तास बघणारा. मैदानावर जॉन्सनसारखी जरब नाही, पत्रकारांसमोर तर अगदीच कोरडा. संघ हरत होता, टीका कर्णधारावरही होत होती. २०१० च्या सुरुवातीला त्याला दुखापत झाली, मूडीनं जागा घेतली आणि त्या उन्हाळ्यात ऑस्ट्रेलिया दौऱ्याच्या संघातून जॉन्सननं त्याला वगळलंच. ५७ कसोटींनंतर त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द तिथेच थांबली.

मग त्यानं लांबचा रस्ता धरला. सॅरसेन्सकडून खेळत असतानाच जपानच्या संघात एडी जोन्स यांच्या हाताखाली काम सुरू केलं. १९ सप्टेंबर २०१५ ला ब्रायटनमध्ये जपाननं दक्षिण आफ्रिकेला ३४-३२ असं हरवलं, तेव्हा फॉरवर्ड्सची तयारी त्याची होती. पुढे जोन्स इंग्लंडला आले, मागोमाग बोर्थविक. २०१९ ला अंतिम फेरी. त्यानंतर २०२० मध्ये लेस्टर टायगर्स. होय, जॉन्सनचंच लेस्टर, पण तळाशी पोहोचलेलं. दोन वर्षांत, २०२२ मध्ये, ते पुन्हा विजेते झाले. आणि डिसेंबर २०२२ मध्ये बोर्थविक इंग्लंडचा मुख्य प्रशिक्षक झाला.

त्याचीही सुरुवात खडतर होती. ट्विकनहॅमवर फ्रान्सकडून १०-५३, मग विश्वचषकाच्या तोंडावर फिजीकडून पराभव, इंग्लंडच्या इतिहासात पहिल्यांदाच. पण २०२३ च्या विश्वचषकात पहिल्याच सामन्यात तिसऱ्या मिनिटाला टॉम करीला कार्ड मिळालं, तो कायमचा बाहेर गेला, तरी चौदा जणांच्या इंग्लंडनं अर्जेंटिनाला २७-१० हरवलं. सगळे २७ गुण जॉर्ज फोर्डच्या बुटातून आले, त्यात तीन ड्रॉप गोल. उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिकेकडून १५-१६ असा एका गुणानं पराभव आणि शेवटी तिसरा क्रमांक. खेळ डोळ्यांना सुखावणारा होता असं कुणी म्हणणार नाही. पण वाईट आठवड्यानंतर पुढच्या सोमवारी नेमकं काय करायचं, हे त्याला माहीत होतं. ते तो जपानमध्ये आणि लेस्टरला शिकला होता. जॉन्सनला शिकायला तसा सोमवार कुणी दिलाच नव्हता.

जॉन्सन पुन्हा कधी प्रशिक्षक झाला का?

नाही. टीव्हीवर सामन्यांचं विश्लेषण करताना दिसतो. अजूनही कमी बोलतो आणि आठ्या तशाच आहेत.

त्याला ‘सर’ म्हणतात का?

नाही. २००३ च्या विजयानंतर त्याला सीबीई हा ‘सर’पेक्षा खालचा ब्रिटिश किताब मिळाला. ‘सर’ झाले ते क्लाइव्ह वुडवर्ड. त्या रात्री सिडनीत ते वर, स्टँडमध्ये बसलेले होते.